खिडकीतला कप: धंद्यात सगळ्यांना सारखं वागवताना काय केलंत, काय चुकलं? (बडोदेकरांसाठी अनुभव धागा)

पापडवाली, दांडिया बाजार

मंडळी, हा धागा एका कपावरून काढते आहे.

आमचं मसाले आणि पापड पॅकिंगचं छोटं युनिट आहे. माणसं चौदा. दुपारी चारला चहा होतो. गेल्या पावसाळ्यात सफाईच्या मासी रजेवर होत्या. पेले कमी पडले म्हणून मी खिडकीच्या कठड्यावरचा कप उचलला, तर पॅकिंगवाली मुलगी पटकन म्हणाली, "बेन, तो नको, तो मासींचा." कान तुटलेला कप. नऊ वर्षं तो तिथेच होता. मी ठेवला नव्हता, ठेवायला सांगितलंही नव्हतं. पण नऊ वर्षं रोज चार वाजता मी त्याच खोलीत होते.

आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय पाहुण्याला पाणी देत नाही. 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1913 मध्ये आंबेडकरांना अमेरिकेला जायला शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याला पाठ आहे. तेच आंबेडकर 1917 मध्ये इथे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीला आले, तेव्हा त्यांना या शहरात खोली मिळाली नाही. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन दारात आली. जागा सोडावी लागली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. हे सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो. पदवी होती, दरबारची नोकरी होती, खोली नव्हती. माझ्याकडेही मासींना नोकरी होती, पगार वेळेवर होता. पेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकसारखे पंधरा स्टीलचे पेले आणले आणि तो कप फेकला. कुणाशी काही बोलले नाही. मला वाटलं, झालं. त्या दिवसापासून मासींनी चहाच सोडला, आणि हे मला कळायला तीन आठवडे गेले. आपला कप गेला, आता कुठल्या पेल्याला हात लावायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग मीच चहा गाळून ट्रे सगळ्यांपुढे फिरवायला लागले. दोघी जणींना आठवडाभर "आज चहा नको" होता. मी काही म्हटलं नाही. पुढे थंडी पडली.

तर तुमचं लिहा. धोरणाचे कागद नकोत. काय बदललं, खर्च किती आला, आणि आधी काय चुकलं, एवढंच. कंपनीचं, माणसाचं नाव टाकू नका.

लेथमास्तर, मकरपुरा जीआयडीसी

माझं मशिनिंगचं वर्कशॉप. चार वर्षांपूर्वी एक ऐकू न येणारा मुलगा आयटीआय करून आला. आमच्या फोरमनचा पहिला प्रश्न रास्त होता: टूल बोथट झालं की लेथ (कातकामाचं मशीन) ओरडतं, ते याला कळणार कसं? त्याने पहिल्याच आठवड्यात दाखवलं. कॅरेजच्या हँडव्हीलवर हात असतो, त्या हाताला कंप लागतो. आम्ही कानाने ओळखायच्या थोडं आधीच तो मशीन थांबवतो.

खरी भीती लेथची नव्हती, मागून येणाऱ्या मालाच्या ट्रॉलीची आणि वरच्या होइस्टची (माल उचलायच्या यंत्राची) होती. भोंगा होता, तो त्याच्या काय कामाचा? होइस्टला फिरणारा पिवळा दिवा बसवला, जमिनीवर ट्रॉलीची वाट रंगवली, आणि त्याचं मशीन अर्धं वळवून घेतलं, म्हणजे दार समोर येतं. वायरमन, रंग, मशीनची लेव्हल परत काढणं धरून बारा हजारांच्या आत. गंमत अशी की त्या दिव्यामुळे बाकीचेही वाचतात. प्रेसच्या धडधडाटात भोंगा ऐकू कुणाला येत होता?

बोलायचं कसं, तर सुरुवातीला सगळे पाटीवर लिहायचे. त्याला आमची गुजराती-हिंदी खिचडी वाचताना जीव नकोसा व्हायचा. मग भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश मोबाईलवर सापडला. दहा हजार शब्दांची आवृत्ती 2021 मध्ये आली, प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ. आम्ही शंभरेक खुणा शिकलो. "मायक्रोमीटर"ची खूण त्याने स्वतःच ठरवली, ती आता पूर्ण शॉपमध्ये चालते.

आता चूक. दीड वर्ष मी त्याला हेल्परच्या दराने पगार देत होतो. काम कुशल कारागिराचं, हजेरीपटावर "अकुशल". मुद्दाम केलं का? नाही. मला वाटायचं, मी याला काम दिलं हेच पुष्कळ. एक दिवस तो केबिनमध्ये आला, मोबाईलवर शेजारच्या मशीनवाल्याची पगारपावती दाखवली, मग स्वतःची, आणि दोन बोटं समोर धरली. एक वर, एक खाली. याला कुठलाही शब्दकोश लागला नाही. फरक मागचा धरून दिला. तो आकडा दिव्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होता.

पापडवाली

दीड वर्ष! पण लिहिलंत हे बरं केलंत.

साडीवाली सून, मांडवीजवळ

आमच्याकडे विषय स्टुलाचा. साड्या आणि चणियाचोळीचं दुकान, सात मुली. नवरात्रीच्या आधी सकाळी दहा ते रात्री दहा उभ्या. सासऱ्यांचं, म्हणजे पप्पांचं म्हणणं, "गिऱ्हाईक आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर दुकान झोपलेलं वाटतं." आमच्या पप्पांचं वाक्य म्हणजे दुकानाची घटना.

केरळने 2018 मध्ये आपल्या दुकान कायद्यात बसायचा हक्क घातला, तमिळनाडूने 2021 मध्ये. मी त्या बातम्या पप्पांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, तिकडचे लोक शिकलेले. शेवटी हिशेब दाखवला: सीझनच्या ऐन मध्यावर दर वर्षी दोन मुली पाय सुजून सुट्टीवर जातात, आणि त्या काळात नवी मुलगी मिळत नाही. हे पटलं. काउंटरमागे घडीची स्टुलं आली. पहिला महिना कुणी बसेना! पप्पा गल्ल्यावर असेपर्यंत तर नाहीच. मग मीच जाऊन बसले, गिऱ्हाईक समोर असताना. पप्पांनी चष्मा काढून पुसला.

स्टूल हे सोपं होतं. अवघड होतं संडासाचं. जुन्या पोळमधलं (अरुंद गल्लीच्या वस्तीतलं) दुकान, वर गोडाऊन, खाली शटर. पुरुष कुठेही जातात. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही एकीला लघवीचा त्रास होऊन ताप चढला तेव्हा. मी स्वतः दुपारी घरी जेवायला जायचे, म्हणून कधी प्रश्नच पडला नाही. दुकानात जागा नाहीच. शेवटी शेजारच्या तीन दुकानांना जोडीला घेऊन मागच्या घरातल्या आजींचा रिकामा मोरी-संडास महिन्याच्या भाड्याने घेतला, दुरुस्त केला, चार किल्ल्या केल्या. दुकानामागे पंधराशे रुपये महिना, सफाईसकट. भांडणं होतात, कडी तुटते, बल्ब जातो. पण आता गल्ल्याशेजारी पाण्याचा जग दुपारी दोनदा भरावा लागतो.

उतार

दवाखान्याच्या दाराला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणाऱ्यांना एकच सांगतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. माझ्या कंत्राटदाराने सात इंचांच्या पायरीला तीन फुटांची फळी करून दिली होती. त्यावरून खुर्ची चढत नाही, घसरते. सात इंचाला सात फूट. तोडून परत केला. आता त्यावर ॲक्टिव्हा उभ्या असतात.

भाड्याची खोली

मी मालक नाही, नोकरदार आहे. वाघोडिया रोडवरच्या एका कंपनीत इंजिनियर. मूळ विदर्भातला.

कंपनीत मुलाखत झाली, गुण बघून घेतलं, तक्रार नाही. पण नोकरी नऊ तासांची असते, राहिलेले पंधरा तास कुठे काढायचे? खोली बघायला गेलो की आधी "वेज के नॉनवेज?", मग आडनाव, आणि आडनावावरून कळलं नाही तर सरळ "तमे केवा?" हा प्रश्न बाहेरच्यांना कळत नाही. "तुम्ही कसे?" असा नाही तो. "तुम्ही कोण जातीचे?" असा आहे. मी खरं सांगत होतो. अकरा घरं झाली. वर आंबेडकरांचे अकरा दिवस वाचले आणि थोडा वेळ फोन खाली ठेवला.

कंपनीत हे कुणाला सांगायचं, हाच प्रश्न होता. एचआरचा फॉर्म असतो प्रवासभत्त्याचा, टिफिनचा. याचा फॉर्म कुठला? माझा मॅनेजर कडक माणूस, रोज उशिरा येण्यावरून बोलायचा. एक दिवस मी सांगून टाकलं की मी मित्राच्या पलंगाखाली झोपतो, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी कंपनीने स्वतःच्या नावाने दोन फ्लॅट घेतले, नव्या बाहेरगावच्या सगळ्यांसाठी, पहिले सहा महिने. फक्त माझ्यासाठी नाही, हे मला जास्त आवडलं. करारात फ्लॅटमालकाने "फॅमिली, शाकाहारी" घालायला सांगितलं होतं, ते कंपनीने काढायला लावलं. एक मालक तिथेच उठून गेला, म्हणून तिसरा शोधावा लागला.

सहा महिन्यांनंतर मात्र आपलं आपण. मला खोली मिळाली ती एका बँकेतून निवृत्त झालेल्या मराठी काकूंकडे. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी सकाळी सहाला येतं, उठशील ना?"

आकडेमोड, अलकापुरी

मी हिशेबाचं काम करते, म्हणून थोडं रुक्ष लिहिते.

छोटे मालक मला हळूच सांगतात, "नवीन लग्न झालेली नको, सहा महिने घरी बसेल आणि पगार आम्ही द्यायचा." 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली (पहिल्या दोन मुलांपर्यंत) आणि पगार मालकाने द्यायचा, हे खरं. पण ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे आणि ज्यांचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) भरला जातो, त्यांचा तो पैसा ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही. मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, तो स्त्री असो की पुरुष, तेवढाच. म्हणजे ज्या धंद्यांत ही भीती सर्वांत जास्त ऐकू येते, तिथेच ती बहुतेक वेळा बिनबुडाची असते. अट एवढीच की आधीच्या दोन सहामाही वर्गणी-काळांत 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणून "पुढच्या वर्षी रजिस्टरवर घेऊ" म्हणणारे मालक तिचं नुकसान करतात, आणि मग स्वतःच रडतात.

दुसरं पगारातल्या फरकाचं. समान कामाला समान पगार हा कायदा 1976 मध्येच आला. एका क्लायंटकडे सगळ्यांचे पगार एका शीटवर लावले, तर एकाच कामाला बायका खाली. कारण शोधलं, तर कुणी ठरवून कमी दिलेलं नव्हतं. दर वेळी "आधीचा पगार किती?" विचारून त्यावर पंधरा टक्के चढवायचे. जी मुलांसाठी चार वर्षं घरी होती, तिचा आधीचा पगार चार वर्षं जुना. तो प्रश्न फॉर्मवरून काढला, जागेचा पगार जागेला ठरवला. पुरुषांनी कुरकुर केली नाही असं नाही. एकाने राजीनामाही दिला. तो चांगला माणूस होता, आणि त्याला अजून वाटतं की त्याचं काहीतरी काढून घेतलं.

खिळे जुळवणारा

माझी प्रेस आहे. नाव जुनं ठेवलंय, खिळे (छपाईची धातूची अक्षरं) केव्हाच भंगारात गेले. मी खरं सांगू? दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवी, नाहीतर 50,000 पर्यंत दंड, हे सीएने सांगितलं म्हणून मी समिती केली. अध्यक्ष माझी बायको, जी प्रेसमध्ये कामालाही नव्हती. बोर्ड आम्हीच छापला, चार रंगांत.

मग तक्रार आली. माझ्या सर्वांत चांगल्या ऑपरेटरविरुद्ध, डिझाइन करणाऱ्या मुलीची. मी दोघांना बसवून "मिटवलं". मुलगी महिन्याभरात गेली. ऑपरेटर आहे. हे लिहायला मला काही भूषण वाटत नाही.

त्यानंतर बाहेरच्या एका बाई वकिलांना समितीत घेतलं, अध्यक्ष आमच्या बाइंडिंगच्या सिनियर बेन. बेननी पहिल्याच बैठकीत विचारलं, "आणि शेठविरुद्धच तक्रार असली तर?" मला उत्तर माहीत नव्हतं. वकील म्हणाल्या, मग ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांचीही तिकडेच जाते. तो पत्ता आता बोर्डावर आहे. एका रंगात.

साडीवाली सून

त्या मुलीला नंतर फोन केलात का?

खिळे जुळवणारा

नाही. करायला हवा होता. आता केला तर तिला काय वाटेल, कळत नाही.

शेव-उसळ

आमच्या किचनमध्ये पाच बायका. दोघींचा पगार नवऱ्याच्या खात्यात जायचा, तसं त्यांनीच सांगितलं होतं. मी शहाणपणा करून त्यांची खाती उघडून दिली. एकीने पंधरा दिवसांनी येऊन विनंती केली, परत तिकडेच पाठवा, घरी फार होतंय. मी हट्ट धरला नाही. दुसरीने मात्र त्याच खात्यातून मिक्सर घेतला आणि आता रविवारी स्वतः चटण्या विकते. माझं गिऱ्हाईक थोडं तोडलं तिने. चटणी चांगली आहे, काय करणार.

पापडवाली

सगळ्यांचं वाचलं. आकडेमोडबाईंचं वाचून रात्री रजिस्टर काढलं. चौदा नावांचा ईएसआय चालू आहे. मासी त्यात नाहीत. त्या ठेकेदाराकडून येतात म्हणून मी त्यांना कधी मोजलंच नव्हतं. वर मी "माणसं चौदा" लिहिलंय ते बघा, आणि पेले पंधरा आणले होते. मीच माझी चोरी पकडली.

सकाळी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणतो, एवढ्या एका बाईसाठी कोण भरतं? आमच्या सीएने सांगितलं, ठेकेदाराने नाही भरला तर आधी जबाबदारी तुमची, नंतर त्याच्या बिलातून कापून घ्या. म्हणून या महिन्यापासून भरते आहे.

फॉर्म भरायला मासींना समोर बसवलं. पूर्ण नाव विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बेन, आधारवरचं सांगू की खरं?"