लिंक केबल काढा, आवाज जाईल: हा सल्ला देणं बंद करा

घाटमाथा
काल इथे एकाने लिहिलं: "125 सीसीची जुनी सीबीएस गाडी, पेडल दाबलं की पुढून कर्रकर्र. मिस्त्रीने पेडलवरून पुढे जाणारी केबल काढून टाकली, आवाज बंद." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. सीबीएस म्हणजे पायाचं पेडल दाबलं की मागच्यासोबत पुढचाही ब्रेक लागतो; पेडलवरून पुढे जाणारी ती केबल म्हणजेच लिंक केबल.

आवाज ड्रममधून, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या ब्रेकच्या डब्यातून येतो. केबल काढली म्हणजे पेडलने पुढचे शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) लागायचे थांबले, मग आवाज येणार कुठून? हाताचा ब्रेक जोरात दाबून बघा, तीच कर्रकर्र येईल. दुखणं आहे तिथेच आहे, तुमचा अर्धा ब्रेक मात्र गेला.

आधी तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबून बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हाताने फिरवा. प्रत्येक फेरीत एकाच जागी घासत असेल तर ड्रम ओव्हल झालाय. सतत घासत असेल तर शूज मागे येत नाहीत: कॅम (शूज बाहेर ढकलणारा खुंटा) सुकलाय, स्प्रिंग मेलीय किंवा केबल आत गंजलीय. चाक मोकळं फिरतंय आणि फक्त ब्रेक लावल्यावर किंचाळतंय, तर लायनर (शूजवरचा घासणारा थर) काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा आत धूळ साचलीय. शंका असेल तर लिंक केबलचा नट तात्पुरता ढिला करून चाक पुन्हा फिरवा. घासणं थांबलं तर केबल अडकतेय. ती बदला, फेकून देऊ नका.

रानवाट
सल्ला मीच दिला होता. केबल काढली ती आवाजासाठीच नाही. आमच्याकडे राजापूरच्या आत पावसाळ्यात लाल चिखल असतो. हळू वळताना सवयीने पेडलवर पाय जातो, पुढचं चाकही धरतं आणि गाडी आडवी. मेव्हण्याचा खांदा तसाच निखळला. पुण्यात डांबरावर गाडी चालवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. गाडी 2016 ची आहे. 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकची) सक्ती 1 एप्रिल 2019 पासून आली. त्यामुळे नियमही दाखवू नका.

घाटमाथा
नियमाचा शब्द मी काढलेला नाही. आणि मी पुण्याचा नाही, पोलादपूरचा आहे. चिखलातल्या वळणाचं म्हणणं मान्य करावं लागेल, तिथे पेडलने पुढचं चाक धरलेलं नको असतं. पण तिथे पाय आवरा, हात आवरा. हमरस्त्यावर म्हैस आडवी आली की आपल्याकडे दहातले आठ जण फक्त पेडलच दाबतात. मागचं चाक लॉक होतं आणि गाडी साप होते. लिंक त्यांच्यासाठी आहे.

मिस्त्री चिपळूणकर
गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. निम्म्या गाड्यांत दोष ॲडजस्टमेंटचा. मागचे शूज झिजले आणि नट कुणी आवळला नाही की पेडल खोल जातं, पुढची केबल जास्त ओढली जाते आणि पुढचे शूज सगळा भार घेतात. मग पुढून ओरड. आधी मागचा ब्रेक नीट करा, मग लिंकला हात लावा. कॅमच्या आर्मवरचा बाण पॅनलवरच्या (ड्रमच्या झाकणावरच्या) खुणेला टेकला असेल तर नट आवळत बसू नका, शूज बदला. ग्रीस कॅमला बोटाच्या टोकाएवढंच. लायनरला लागलं तर ब्रेक गेला समजा.

लायनर चकाकतो कशाने, तेही सांगतो. घाट न्यूट्रलमध्ये उतरता ना, त्याने. ड्रम तापतो, लायनर भाजून निघतो.

सातारी
झालं सुरू! न्यूट्रलवर सगळं ढकला. मी आंबेनळी घाट कायम न्यूट्रलमध्ये उतरतो, गाडी बंद करत नाही, पेट्रोल वाचतं. वडील राजदूतवर तसेच उतरायचे, त्यांचे ब्रेक कधी ओरडले नाहीत.

घाटमाथा
वडिलांच्या काळात त्या घाटात एवढी रहदारी होती का? आणि पेट्रोल कसलं वाचतं? फ्युएल इंजेक्शनची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची) गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळतं.

सातारी
माझी गाडी कार्बोरेटरची, म्हणजे इंजेक्शन नसलेली जुन्या पद्धतीची आहे. आपल्याकडे साध्या गाड्यांना इंजेक्शन आलं ते बहुतेक 2020 च्या बीएस-सिक्स या धुराच्या नियमानंतर. विषय जुन्या गाडीचा, उत्तर नव्या गाडीचं. वाचून लिहा.

मिस्त्री चिपळूणकर
कार्बोरेटरचं म्हणणं बरोबर आहे, तिथे न्यूट्रलमध्ये थोडं वाचतं. पण ते वाचलेले पेट्रोलचे पैसे शूज बदलण्यात जातात. गेल्या पावसाळ्याआधी एक पोरगा कुंभार्ली घाट उतरून थेट गॅरेजला आला. ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र झालं. शूज काढले तर लायनर काळा, कडेने तडकलेला. मागे बायको बसलेली. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सातारी
एका पोराच्या गाडीवरून सगळ्यांना नावं ठेवू नका. मी ब्रेक धरून बसत नाही, सोडून सोडून मारतो.

घाटमाथा
सोडून सोडून मारा नाहीतर कसेही मारा, इंजिनाने रोखायचा वेग तुम्ही चार शूजवर टाकताय. आणि त्यातले दोन रानवाट यांनी पेडलपासून तोडले आहेत. घाटात हा जोड जमला तर काय होईल, याचा विचार करा. चिडून नाही, काळजीने बोलतोय.

रानवाट
माझ्या गाडीवर न्यूट्रलवाल्याला बसवू नका. पण आज सकाळी चाक उचलून बघितलं. लिंक आधीच काढलेली आहे, तरी हाताच्या ब्रेकला पुढून तीच कर्रकर्र आली. पॅनल उघडला तर आत लाल मातीचा थर, आणि कॅम पक्कडीशिवाय हलेना.

मिस्त्री चिपळूणकर
मग तेच दुखणं. माती ओल्या फडक्याने पुसा, हवा मारू नका, ती धूळ छातीत जाते. कॅम काढून काचकागदाने साफ करा. लायनरवरची चकाकी जाईल इतपतच घासा. केबल नवीच घ्या, जुनी आतून गंजलेली असणार. पेडलला वरून इंचभर मोकळा खेळ ठेवा.

रानवाट
ठीक. केबल आणून जोडतो. पाऊस लागला की आमच्या वाडीपुरती पुन्हा काढीन, तेवढं माझं राहू द्या.

सातारी
आणि मी न्यूट्रलबद्दलचं म्हणणं सोडलेलं नाही.