नाल्याकाठची इम्युनिटी आणि मलेरियाच्या गोळ्या

पेठेतला: मित्र रस्त्याच्या कामावर चार महिने गडचिरोलीला निघालाय. डॉक्टरनं मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, ठेव बाजूला भावा. कोल्हापुरात जयंती नाल्याकाठी वाढलोय, अँटीबॉडी ठासून भरल्यात रक्तात. मलेरिया एसीतल्यांना होतोय.

लॅबवाली: हे वाचून गप्प बसवेना. नाल्यावरचे डास बहुतेक क्युलेक्स, ते मलेरिया देतच नाहीत. तो देणारा ॲनाफिलीस जास्त करून स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आयुष्यभर भलत्याच डासाला रक्त पाजलंत की! आणि अँटीबॉडी लागते ती परजीवीविरुद्ध, म्हणजे डासातून रक्तात शिरणाऱ्या मलेरियाच्या जंतूविरुद्ध. फाल्सिपॅरम, म्हणजे त्यातला सगळ्यात घातक, लाल पेशीवर जे प्रथिन मिरवतो, त्याची साठेक जनुकं असतात त्याच्याकडे, म्हणजे साठेक सदरे. शरीरानं एक सदरा ओळखला की हा दुसरा घालतो. म्हणून पुन्हा पुन्हा लागण झाल्यावर आधी जिवावर बेतणं टळतं, मग ताप टळायला लागतो, पण लागण पूर्ण कधीच थांबत नाही. मोठ्या वयात पहिल्यांदाच झाला तर कावीळ, किडनी, फुप्फुसात पाणी. तुमचा मित्र या बाबतीत कोरी पाटी आहे.

पेठेतला: म्हणजे अँटीबॉडी सगळी थाप?

लॅबवाली: मी असं कुठं म्हटलं? १९६१ साली गांबियात मोठ्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी मलेरिया झालेल्या मुलांना टोचल्या, परजीवी झपाट्यानं घटले. पण ती माणसं लहानपणापासून तिथला मलेरिया सोसलेली होती. जयंती नाला नव्हे.

इचलकरंजीकर: पुस्तकी सांगू नका. आमच्या मागावर ओडिशाच्या जंगलपट्ट्यातला एक गडी हाय. तपासणीत रक्तात फाल्सिपॅरम निघाला. ताप? शून्य! रात्रपाळी करून आलेला.

लॅबवाली: मग माझंच खरं केलंत की! त्याची इम्युनिटी खरीय, कमावलेली आहे. त्याला औषध मात्र द्या, त्याच्यापासून डासाला आणि डासापासून तुम्हाला. गावाबाहेर वर्षानुवर्षं राहिला तर तीही उतरते, आधी तापापासूनची.

रंकाळाकाठ: ते सगळं ऱ्हाऊ दे. आमच्या गल्लीत धुराची गाडी शेवटची कधी आली सांगा? नगरसेवकाच्या दारात मात्र दोनदा.

इचलकरंजीकर: आमच्याकडं येती, पण डिझेलचा वास तेवढा. डास मजेत.

लॅबवाली: धुरानं उडणारे मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. टाकीला झाकण लावा.

रंकाळाकाठ: झाकण आम्ही लावायचं, घरफाळा पण आम्हीच भरायचा! रंकाळ्यातली जलपर्णी काय आम्ही काढायची?

पेठेतला: धागा माझा हाय भावांनो, जलपर्णी दुसरीकडं.

शिरोलीवाला: माझा सख्खा भाऊ गडचिरोलीकडनंच आला. थंडी वाजली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं व्हायरल म्हणून सलाईन लावलं. कुठं गेला होतास हे एकदाबी विचारलं नाही. पाचव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. मग कुठं काचेवर रक्त घेतलं. मलेरिया निघाला, त्यावरचं आर्टेसुनेट चालू झालं, चार वेळा डायलिसिस. वाचला. एका पैलवानाची लाकडी झालीय बघा. त्याचीबी इम्युनिटी म्हणे तालमीतली.

पेठेतला: बरं बाबा. गोळ्या घे म्हणून सांगतो त्याला. पण पित्त झालं तर लॅबवाल्या बाईंचा नंबर देणार.

लॅबवाली: उपाशीपोटी घेऊ नको म्हणावं. आणि परत आल्यावर लगेच बंद करायच्या नाहीत, डॉक्टरनं सांगितलेत तेवढे दिवस घ्यायच्या.

रंकाळाकाठ: गाडी आली आत्ता! फोटो टाकतो. थांबा… कचऱ्याची हाय.