मदत हवी आहे : मार्सियानो आणि अली यांची काल्पनिक लढत कशी तोलावी?

नमस्कार. हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातला) मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहून १९५६ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच गटातला मुहम्मद अली १९६४ मध्ये विश्वविजेता झाला. ऐन भरातले हे दोघे समोरासमोर आले असते तर काय घडले असते, याचा मी मनापासून अभ्यास करीत आहे. १९६९ मध्ये या दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूच्या फेऱ्या खेळल्या होत्या आणि संगणकाच्या आधारे ठरवलेल्या निकालात, निदान अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत, तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो निकाल पाहायला मार्सियानो स्वतः मात्र हयात नव्हता.

मला तो निकाल पटत नाही, कारण मार्सियानोचे वजन साधारण १८५ पौंड होते, तर अलीचे २१० च्या आसपास, आणि उंची व हातांचा पल्लाही अलीचाच मोठा होता. तरीही १९७१ मध्ये मार्सियानोसारख्याच सतत अंगावर चालून जाणाऱ्या जो फ्रेझरने डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) अलीला खाली पाडले होते, हे विसरता येत नाही. फ्रेझर मार्सियानोहून सुमारे २० पौंडांनी जड असताना त्या लढतीवरून मार्सियानोविषयी अनुमान काढणे कितपत योग्य ठरेल? वजनातील हा फरक आहे तसाच धरावा, की मार्सियानोला नंतरच्या काळातील आहार व व्यायाम मिळाला असे मानावे? जाणकारांनी कृपया सकारण मत द्यावे.