देवनागरीचा हात आणि केल्सच्या ग्रंथाचे वळण

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): अनेक वर्षे बोरूने देवनागरी लिहिल्यानंतर इ. स. ८०० च्या सुमारास आयरिश परंपरेत घडलेल्या केल्सच्या ग्रंथातील (शुभवर्तमानांच्या लॅटिन हस्तलिखितातील) अक्षरे गिरवतो आहे; परंतु जाड रेघा भलत्याच ठिकाणी येतात. काय चुकते आहे?

उत्तर: आपला हात नव्हे, बोरू चुकतो आहे. देवनागरीसाठी टोक ज्या बाजूला तिरके छाटतात, लॅटिनसाठी त्याच्या उलट छाटतात. या वळणासाठी मात्र ते सरळ छाटून ओळीला जवळजवळ समांतर धरावे, म्हणजे उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक उतरतील.

प्रश्न: हस्तलिखित सजवताना सोन्याचा वर्ख रंगाआधी लावावा की नंतर, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो कसा बसवावा?

उत्तर: सोन्याचा वर्ख रंगाआधी लावावा, कारण तो रंगालाही चिकटतो. नागपूरच्या मे महिन्यात गेसोचा (वर्खाखाली देतात त्या चिकट लेपाचा) थर फार कोरडा पडतो, म्हणून मी पहाटे कागदी नळीतून त्यावर श्वास सोडते आणि तत्क्षणी वर्ख टेकवते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टोक सरळ छाटले आणि पहिलाच ‘ओ’ टपोरा उतरला.