रजेचा मेल आणि कुकरची पाती

तासिकावाला: काल एका एचआर बाईंनी इथे लिहिलं, "पदवीधर पोरांना चार ओळींचा मेल येत नाही, कॉलेजातले मास्तर झोपा काढतात का?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी एफवायबीकॉमला बिझनेस कम्युनिकेशन शिकवतो, तासिका तत्त्वावर. वर्गात 120 पोरं. एकेका पत्राला पाच मिनिटं धरली तरी दहा तास. त्याचा छदाम मिळत नाही; मिळतो तो शिकवलेल्या तासाचा, तोही सहा महिन्यांनी. मग पोरं गाइडमधलं सदोष पंख्याचं तक्रारपत्र पाठ करतात. परवा पंख्याऐवजी मी सदोष कुकर दिला. निम्म्या पेपरांत कुकरची पाती वाकडी निघाली!

फाइल_फायनल_2: मीच ती बाई. कुकर भारी. पण गेल्या आठवड्यातला रजेचा अर्ज ऐका: विषय रिकामा, मजकूर "सर पीएफए" (प्लीज फाइंड अटॅच्ड, म्हणजे सोबत जोडलंय), बस्स. खाली नावसुद्धा नाही. याला कसले दहा तास लागतात हो?

लाल टिक: आम्ही सायन्सवाले लिहायला शिकलो सिनिअरचं प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवून. मित्राने सिनिअरचा रोल नंबरही उतरवला होता. सरांनी त्यावर टिक केली.

मायबोलीकर: मुळात मेल इंग्रजीत का? मराठीत लिहू द्या, मग बघा.

फाइल_फायनल_2: मराठीत येतं? एमपीएससीने मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक करतो म्हटल्यावर 2023 ला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली. शेवटी 2025 वर ढकलायला लावलं.

पेठेतला अभ्यासू: त्या रस्त्यावर मी होतो. एसीत बसून बोलू नका. चार वर्षं गोल काळे करायची तयारी केली आणि ऐन वेळी पॅटर्न बदलला. आम्ही मुदत मागत होतो, लिहायला घाबरलो नव्हतो.

लाल टिक: पदवीला तीन वर्षं लिहीतच होतात ना? मग वेगळी मुदत कशाला?

पेठेतला अभ्यासू: काय लिहीत होतो ते वर तुम्हीच सांगितलंत. जर्नल.

मायबोलीकर: 😂 हे मात्र खरं.

पेठेतला अभ्यासू: हसा. क्लासवाल्याने उत्तरलेखनाची वेगळी फी घेतली. पहिल्या उत्तराला दहापैकी दोन. तेव्हा कळलं, आयुष्यात माझं लिहिलेलं कुणी पहिल्यांदाच वाचलं.

फाइल_फायनल_2: बरं, मास्तर झोपा काढतात हे मागे घेते. निम्मं. पोरांनी खाली नाव तरी लिहावं! तासिकावाले, शनिवारी येऊ का पत्रं तपासायला?

तासिकावाला: या की. लाल पेन घरून आणा, कॉलेज देत नाही.