अक्कलदाढ : एकच काढू की चारही? (पुणे)

ढोलवाला_कोथरूड

नमस्कार मंडळी. वय २७, नोकरी हिंजवडीत, राहायला कोथरूड. खालची डावी अक्कलदाढ गेलं वर्षभर छळतीये. पूर्ण बाहेर आलेलीच नाहीये, एक टोक दिसतं आणि त्याच्यावर हिरडीची झालर. त्या झालरीखाली काहीतरी अडकतं, मग सूज, मग कानापर्यंत ठणका आणि तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. मागच्या वेळी मिसळ समोर होती आणि मी पाव रश्श्यात बुडवून चोखत बसलो होतो. गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, की परत दीड-दोन महिन्यांनी येरे माझ्या मागल्या.

ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढून झाला. दाढ आडवी झोपलीये, डोकं पुढच्या दाढेला टेकलेलं. घराजवळच्या डेंटिस्टनी बघितल्या बघितल्या सांगितलं चारही काढून टाकू, दोन बैठकांत, कायमची कटकट मिटेल. मित्राने सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या फक्त हीच काढा, वरच्या दोन्ही सरळ आल्यात आणि उजवी खालची हाडात शांत पडून आहे तिला कशाला उठवायचं. आता ऐकायचं कोणाचं? दोघांचे कोटेशन बघता फरक चांगलाच आहे, पण पैशापेक्षा मला भीती वाटतीये ती दुखण्याची. शिवाय पथकाचा सराव सुरू होतोय नदीपात्रात, ढोल वाजवता येईल का किती दिवसांनी? ज्यांनी काढलीये त्यांनी खरं खरं सांगा, घाबरवू नका फक्त.

मीनल_सिंहगडरोड

माझ्या खालच्या दोन्ही काढल्यात, वेगवेगळ्या वेळी. पहिल्यांदा सांगते, काढताना दुखत नाही. इंजेक्शनची टोच लागते, आणि मग अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर. दुखण्यापेक्षा आवाजाचं टेन्शन येतं, ड्रिलने दाढेचे तुकडे करतात ना, ती कडकड थेट डोक्यात ऐकू येते, आणि जबडा कोणीतरी दाबतंय असं जोरात वाटतं. मी इअरफोन लावून बसले होते, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

खरी मजा नंतर. सूज त्या दिवशी फार नसते, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी गाल टम्म होतो आणि तेव्हा लोक घाबरतात की काहीतरी बिघडलं, पण ते तसंच असतं, मग उतरायला लागतं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ लावायचा थोडा वेळ काढायचा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, हेल्मेट! फुल फेस हेल्मेटचा फोम बरोबर त्या गालावर दाबतो, काढताना तर डोळ्यात पाणी. येताना जाताना रिक्षा कर किंवा कोणाला तरी गाडीवर न्यायला सांग. (पुण्यात हेल्मेट न घालायला हे कारण कोणी वापरू नये कृपया.)

खायला मऊ भात-वरण-तूप, गार करून. नाचणीची आंबील, दही, केळं, मऊ खिचडी. मस्तानी प्यायची तर चमच्याने, स्ट्रॉ अजिबात नाही. चिवडा, शेव, भाकरवडी, तिळाचं काहीही बाजूला ठेव, बारीक दाणे त्या खड्ड्यात जाऊन बसतात.

पेठेतला_काका

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दाढ दुखली की लवंग धरायची दाताखाली, मीठपाण्याच्या गुळण्या करायच्या, संपला विषय. माझ्या चारही आहेत तोंडात, वय ६४. हल्ली कोणाकडेही जा, पहिलं वाक्य काढून टाकू. चारही काढू म्हणणाऱ्याला आधी विचारा उरलेल्या तिघींचा गुन्हा काय? एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

दंतकथा_डॉ

मी पुण्यातच प्रॅक्टिस करते, त्यामुळे थोडं लांब लिहितेय, चालवून घ्या.

काका, तुमच्या चारही सरळ आल्या आणि ब्रश तिथपर्यंत पोचतो म्हणून त्या टिकल्या, चांगलंच आहे. पण या मुलाची आडवी आहे. लवंग तात्पुरता ठणका कमी करते हे खरं, कारण तिच्यातलं युजेनॉल आम्हीही वापरतो, पण लवंगेचं तेल नुसतं हिरडीवर चोळलं तर कातडी भाजते, असे पेशंट येतात माझ्याकडे. आणि झालरीखालचा जंतुसंसर्ग लवंगेने जात नाही.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. दाढ त्रास देत असेल, वारंवार सूज येत असेल, पुढच्या दाढेला कीड लावत असेल, गाठ दिसत असेल, तर काढायची. काही त्रास नाही आणि एक्स-रेतही काही दिसत नाही तर अधूनमधून तपासत राहायचं. ब्रिटनमध्ये २००० साली नाइस या सरकारी संस्थेने हाच सल्ला दिला होता की हाडात अडकलेली पण निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नका. सगळ्या देशांत सगळे सर्जन तेवढे कडक नसतात, वादही आहेत, पण "आलाच आहात तर चारही" हे कारण होऊ शकत नाही. पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा असंही बरेच सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. एक अपवाद मात्र विचार. खालची गेली की वरच्या डावीला चावायला समोर कोणी उरत नाही, ती कधीकधी खाली सरकते आणि खालच्या हिरडीला टोचते. त्या एका वरच्या दाढेचा प्रश्न तू मुद्दाम विचारायला हवास.

तुझ्या केसमध्ये मला काळजी वाटते ती आडवी दाढ पुढच्या दाढेला टेकलीये तिथली. त्या फटीत अन्न साचतं, आणि पुढच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागते जी आरशात कधीच दिसत नाही. मग एकीच्या पायी दोन जातात. त्यामुळे पुढे ढकलत बसू नकोस. वय कमी असतं तेव्हा हाड थोडं लवचिक असतं, जखम लवकर भरते, चाळिशीत तेच काम जड जातं.

खालच्या जबड्यात दाढेच्या मुळांजवळून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. ओपीजीत मुळं त्या नसेच्या रेषेवर चढलेली दिसत असतील तर सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन करून घे, त्यात नेमकं अंतर कळतं. फारच चिकटलेली असतील तर फक्त वरचा भाग कापून मुळं आत ठेवायची पद्धतही आहे. क्वचित ओठ काही आठवडे, काही महिने बधिर राहतो, बहुतेकांचा परत येतो, कायमचा बधिर राहणं दुर्मिळ पण शून्य नाही, आणि हे तुला सही करायच्या आधी समजावून सांगायला हवं. म्हणून आडव्या दाढेसाठी ओरल सर्जरीत एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) केलेल्या सर्जनकडे जा, किंवा तुझ्या डेंटिस्टना विचार की सर्जन येऊन करणार का, बऱ्याच क्लिनिकमध्ये सर्जन ठरलेल्या दिवशी येतात.

सूज आणि पू असताना लगेच काढायला सहसा जात नाहीत, आधी आत धुऊन, गरज असेल तर अँटिबायोटिक देऊन शांत करतात. पूर्ण भूल लागत नाही, जागच्या जागी बधिर करून होतं. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू नको, हे मुद्दाम लिहितेय कारण काढल्यावर पार्टी करणारे असतात.

चिंचवड_एक्सप्रेस

ड्राय सॉकेटबद्दल, म्हणजे काढलेल्या दाढेचा खड्डा उघडा पडून ठणकतो त्याबद्दल, कोणी बोललंच नाही. माझ्या भावाला झालेलं. पहिले दोन दिवस मस्त, पठ्ठ्या हसत होता, आणि तिसऱ्या दिवशी अचानक असा ठणका की कानशिलापर्यंत, गोळीला दाद नाही, तोंडाला वास. सिगरेट सोडवली नव्हती त्याला. परत जाऊन खड्डा धुतला आणि औषधाची पट्टी भरली तेव्हा तासाभरात माणसात आला. त्यामुळे ओढू नका, थुंकू नका, स्ट्रॉ नको.

खर्चाचं बघायचं असेल तर डेंटल कॉलेजेस आहेत की आपल्याकडे, धनकवडीला भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसला रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. खाजगीपेक्षा कमी पैशात होतं, शिकणारी मुलं करतात पण शेजारी सर उभे असतात. वेळ मात्र काढून जा, सकाळी नंबर लावायचा, ऑफिसला दांडी ठरलेली. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, माझ्या पॉलिसीत दातांचं अपघात असेल तरच होतं.

स्वाती_वारजे

माझा प्रश्न थोडा वेगळा, यातच विचारते. आईची वरची अक्कलदाढ हलतीये, दुखते. तिला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे आणि मिश्री लावते, कितीही सांगा. गोळी चार दिवस बंद करून नेऊ का?

दंतकथा_डॉ

स्वाती, गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, गोळीचं नाव दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनच दात काढतात, टाका घालून किंवा औषधी स्पंज भरून रक्त थांबवतात. गोळी बंद करण्याचा धोका रक्त थोडं जास्त येण्यापेक्षा मोठा असू शकतो. मिश्री मात्र जखम भरेपर्यंत बंदच, तंबाखूच आहे ती, आणि बोटाने घासताना तिथली गुठळी निघून येते. शुगर असेल तर तेही सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असतील तर आवर्जून सांगा, त्याने जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो.

चिंचवडकरांनी लिहिलेलं बरोबर आहे. काढलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेवरचं झाकण. ती सुटली की आतलं हाड उघडं पडतं. म्हणून पहिले २४ तास गुळण्या करायच्या नाहीत, कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धरायचा, लाळ गिळायची. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात धरून मान तिरकी करायची आणि नुसतं सोडून द्यायचं, खळखळ नाही.

पेठेतला_काका

डॉक्टरीणबाई, लवंगेवर तुमचं म्हणणं मान्य. बाकी चारही न काढण्यावर आपण एका बाजूला आहोत हे नोंदवून ठेवतो.

ढोलवाला_कोथरूड

सगळ्यांचे आभार. सर्जनची अपॉइंटमेंट घेतली, शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे शनिवार रविवार गाल घेऊन घरी बसता येईल. एकच काढतोय. वरच्या डावीचं विचारलं, ते म्हणाले सध्या राहू दे, खाली सरकायला लागली तर बघू. सीबीसीटी करायला सांगितलाय, मुळं रेषेच्या जवळ आहेत म्हणून. तेवढं ढोलाचं राहिलं डॉक्टर.

दंतकथा_डॉ

पहिला आठवडा जोराचं काहीच नको. जिम नको, ढोल तर नकोच, कमरेला बांधून जोर लावलास की रक्तदाब वाढतो आणि परत रक्त यायला लागतं. टाके काढायला साधारण आठवड्याने बोलावतील तेव्हा जखम दाखवून त्यांनाच विचार.

मीनल_सिंहगडरोड

तोवर सरावाला जाऊन सगळ्यांच्या चहाची जबाबदारी घे. आणि येताना रिक्षानेच ये.