स्कूटरवरून झाकणाचे कप न सांडता कसे न्यायचे?

ओंजळ

प्रश्न किरकोळ वाटेल, पण गेले नऊ दिवस माझी दुपार याच एका गोष्टीत जातेय, म्हणून विचारते.

आईच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय. दात तारांनी बांधलेत, त्यामुळे सहा आठवडे सगळं पातळच घ्यायचं आहे. ती तिच्या घरी आहे, मी कामावर. मध्ये सात किलोमीटर. दुपारच्या सुट्टीत मी स्कूटरवरून तिच्यासाठी दोन कप नेते, एक गरम कॉफीचा आणि एक गार ज्यूसचा किंवा शेकचा. घरात करून देणारं माणूस आहे, पण बाहेरची कॉफी हा तिच्या दिवसातला एकुलता एक बदल आहे. गालाच्या आतून स्ट्रॉ सरकवून ती अर्धा तास पुरवून पुरवून पिते. त्यामुळे "कशाला एवढा खटाटोप" असं कृपया कुणी म्हणू नका.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते. सीटच्या पुढच्या हुकाला पिशवी अडकवली, तर ती गुडघ्याला आपटत राहते आणि ब्रेक लावला की दोन्ही कप पुढे कलंडतात. डिकीत टॉवेल कोंबून कप उभे ठेवले. शेक पोचेपर्यंत कोमट झाला आणि कॉफीचं झाकण उघडलेलं होतं. सगळी डिकी, कागदपत्रांसकट, चिकट. एकदा पिशवी हँडललाच लटकवली. वळताना ती हँडल आणि गाडीच्या मध्ये अडकली आणि माझ्या पोटात गोळा आला. ते पुन्हा करणार नाही.

मंगळवारी पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून निघाले होते. गतिरोधकावर झाकण उडालं आणि कॉफी उजव्या पावलावर सांडली. गाडी पडली नाही, पण हँडल हललं. घोट्याच्या वर मोठा फोड आलाय.

थर्मास आहे. पण त्यात पूर्वी काहीतरी मसालेदार नेलं असावं. आईनं एक घोट घेतला आणि वहीत एकच शब्द लिहिला, "वास". तीनदा घासला, तरी जात नाही.

तर कप गाडीवर नेमके कुठे ठेवायचे? आणि नक्की कशामुळे सांडतं? वळणं, ब्रेक की खड्डे?

जुनीगाडी

ओंजळताई, आधी पाय. फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने सैल झाकून ठेवा. आजूबाजूला लाली पसरत असेल किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी असं झालं, तर लगेच गाडी बाजूला घ्या, बूट-मोजे काढा आणि पाय वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

आता जागा. मी एकोणीस वर्षं स्कूटर चालवतोय आणि बऱ्याच काळ सामान पोचवण्याचंच काम केलंय. पातळ वस्तूसाठी एकच जागा: पाय ठेवायच्या सपाट पाटाच्या बरोबर मध्यावर. गतिरोधकावर पुढचं चाक चढतं तेव्हा मधला भाग साधारण निम्माच उचलला जातो, मागचं चढतं तेव्हाही निम्माच. मागच्या चाकावर बसवलेली पेटी मात्र पूर्ण उंची उसळते. तुमची डिकीही बरीचशी मागेच असते, शिवाय खाली इंजिन. शेक कोमट झाला त्याचं कारण तेच.

कप पिशवीत ठेवायचे नाहीत, खोक्यात ठेवायचे. कपाच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत येईल असा प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या, पाटाच्या रुंदीपेक्षा अरुंद. तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून घाला आणि एक तुकडा डब्याच्या खालीही. वर कप-ट्रे, उरलेल्या फटीत टॉवेल. मग आकड्यांची इलॅस्टिक दोरी डब्यावरून घेऊन दोन्ही टोकं पाटाच्या बाजूच्या कडांना अडकवा. दोरीचं टोक लोंबकळत सोडू नका, चाकात गेलं तर जिवावर बेतेल.

घट्ट बसलंय की नाही ते पाहायला गाडी स्टँडवर असताना डबा हातानं जोरात हलवा. गाडी हलली आणि डबा जागचा हलला नाही, तर जमलं. पाय दोन्ही बाजूंना नीट टेकवता आले पाहिजेत. डबा पायांनी दाबून धरायची सवय लावू नका. मंगळवारी तुम्ही नेमकं तेच करत होतात, आणि म्हणूनच कॉफी पायावर आली.

पुढच्या हुकाला वजनाची मर्यादा असते, माझ्या गाडीच्या हुकावर दीड किलो असं कोरलेलं आहे. दोन कपांना ती पुरेल, पण हुक झोके थांबवत नाही.

चाकोरी

ठेवायच्या जागेबद्दल जुनीगाडी यांच्याशी शंभर टक्के सहमत. नक्की कशामुळे सांडतं त्याचं उत्तर मी देतो, कारण ते कळलं की निम्मी काळजी जाते.

वळणं सोडून द्या. दुचाकी वळताना झुकते आणि कपही तिच्याबरोबर तितकाच झुकतो. वजन आणि वळणाचा रेटा मिळून येणारा जोर गाडीच्या उभ्या रेषेतच खाली जातो, त्यामुळे कपातलं पाणी कपाच्या मानानं सपाटच राहतं. चारचाकीत हे होत नाही, ती झुकत नाही म्हणून तिथे वळणावर सांडतं. तुम्ही वळणावर जितक्या सावकाश आणि अवघडून जात असाल, त्याची गरज नाही.

सांडतं ते ब्रेकमुळे. समजा ताशी ४० किलोमीटरवरून तुम्ही साधारण २१ मीटरमध्ये थांबलात. हा काही करकचून मारलेला ब्रेक नव्हे, रोजचाच, जरा ठाम. तेवढ्यात पाण्याची पातळी जवळजवळ १७ अंश तिरकी होते. आठ सेंटिमीटर रुंद कपात पुढच्या काठाला पाणी सव्वा सेंटिमीटर चढतं. आणि ब्रेक एकदम दाबला, तर पाणी त्या पातळीवर थांबत नाही, उसळून जवळपास दुप्पट वर जातं. म्हणजे अडीच सेंटिमीटर. कप काठापासून दोन बोटं रिकामा हवा, तो यासाठी. भरून मिळालेला कप कितीही घट्ट बांधा, झाकणावर मार बसणारच. ब्रेक लवकर सुरू करा आणि हलक्या हातानं वाढवत न्या.

खड्ड्यांचं थोडं वेगळं आहे. एवढ्या कपातलं पेय एकदा हिंदकळलं की सेकंदाला साधारण साडेतीन वेळा पुढेमागे डुचमळतं. रस्त्याचे धक्के त्याच ठेक्यात आले की ते वाढतच जातं, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसं. दर दोन मीटरवर उंचवटा असेल आणि तुम्ही ताशी २५ नं जात असाल, तर बरोबर तोच ठेका जुळतो. अशा रस्त्यावर १५ वर या, ठेका मोडतो.

आणखी एक, तुमच्या आईला चालत असेल तर. कॉफीवर फेस घ्या. २०१५ मध्ये 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात यावरचा शोधनिबंध आला होता. बुडबुड्यांचे पाचेक थर असले तरी हिंदकळणं पुष्कळ लवकर शमतं, कारण फेस कपाच्या भिंतीला घासतो आणि तिथेच जोर जिरतो.

पाठपिशवी

मी बाटल्या पाठीवरच्या सॅकमध्ये उभ्या ठेवते, कधी सांडलं नाही. शरीर धक्के बरेचसे खातं.

जुनीगाडी

पाठपिशवी, गार पाण्याच्या फिरकीच्या बाटलीला ठीक आहे. पण दाबून बसवलेलं झाकण आणि उकळती कॉफी पाठीवर नको. सांडली तर चालत्या गाडीवर सॅक काढताही येणार नाही.

ओंजळ

वळणांचं वाचून खरंच आश्चर्य वाटलं. मी प्रत्येक वळणावर जवळजवळ थांबत होते आणि सिग्नलला मात्र शेवटच्या क्षणी ब्रेक दाबत होते. म्हणजे नेमकं उलटं.

फेस आईला चालतो, स्ट्रॉनं येतो. पण झाकणाचं काय? डिकीत ते आपोआप उघडलं होतं, कप कलंडलाही नव्हता.

वाफ

ताई, मी सात वर्षं कॉफीच्या काउंटरमागे उभी राहिलेय, झाकणांचं मला विचारा.

कागदी कप नीट बघा, बाजूनं वरपासून खालपर्यंत एक जोड दिसेल, जिथे कागद कागदावर चिकटवलाय. तो जोड काठावर येतो तिथे काठ किंचित जाड होतो आणि झाकण तिथेच नीट बसत नाही. गळायला लागतं ते तिथून. प्यायचं भोक या जोडावर आलं तर दोन कमकुवत जागा एकत्र येतात. म्हणून भोक जोडाच्या बरोबर समोरच्या बाजूला फिरवून घ्या आणि गाडीवर ठेवताना जोड मागच्या बाजूला, तुमच्याकडे. ब्रेक लावला की पाणी पुढे धावतं, जोडापासून लांब.

झाकण वरून मधोमध दाबू नका, ते फसवं असतं. कप टेबलावर ठेवा, दोन्ही अंगठे काठावर ठेवून गोल फिरवत दाबत या. टक्, टक् असं बसत जातं. पूर्ण फेरी झाल्यावर जोडावर एकदा परत दाबा. मग कप उचलून झाकण हलकंच वर ओढून बघा.

तुमचं झाकण वाफेनं उघडलं असणार. झाकणाला प्यायच्या भोकाशिवाय टाचणीएवढं आणखी एक छिद्र असतं, ते हवेसाठी. अतिशय गरम कॉफीवर लगेच झाकण लावलं आणि दोन्ही भोकं चिकटपट्टीनं बंद केली, तर आतला दाब झाकण उचलतो. कॉफी मिनिट-दोन मिनिटं उघडी राहू द्या, मग झाकण लावा. प्यायच्या भोकाला छोटं प्लास्टिकचं बुच मिळतं, ते मागून घ्या. टाचणीचं छिद्र उघडंच असू दे. आणि कॉफी घेताना एक माप मोठा कप मागा, कॉफी तेवढीच. चाकोरी म्हणतात ती दोन बोटं तशीच मिळतात.

शेकसाठी स्ट्रॉच्या भोकाचं झाकण नको, सपाट बंद झाकण मागा, स्ट्रॉ वेगळी. सोडा असलेलं पेय मात्र असं अजिबात नेऊ नका, हलून हलून गॅस सुटतो.

थर्मासचा वास स्टीलमध्ये नसतो, झाकणातल्या रबरी रिंगेत असतो. सुरीच्या बोथट टोकानं ती रिंग काढा. बहुतेक खाली पिवळट थर सापडेल. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रिंग रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी धुऊन पूर्ण वाळवा. थर्मास कधीच झाकण लावून कपाटात ठेवायचा नाही. तरी वास राहिला तर रिंग बदला. आईंना लवकर बरं वाटू दे.

ओंजळ

चार दिवस झाले, म्हणून लिहितेय.

डबा मिळाला, पाटावर अगदी बेताचा बसतो. मॅटचे तुकडे कापले. पहिल्या दिवशी दोरी कमी ताणली होती, डबा उजवीकडे बोटभर सरकला. दुसऱ्या दिवशीपासून स्टँडवर हलवून बघते. आता मीच हलते, डबा नाही.

जोडाचं अगदी खरं आहे. पूर्वीचे दोन कप शोधून काढून बघितले (मी ते धुऊन रोपांसाठी ठेवले होते). दोन्हींवर कॉफीचा ओघळ जोडावरूनच खाली आलेला, तपकिरी रेघ दिसते. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

काल मध्येच एक कुत्रं आडवं आलं आणि मला जोरात थांबावं लागलं. पोचल्यावर डबा उघडेपर्यंत धीर नव्हता. झाकणाच्या आत फेस लागला होता, बाहेर दोन थेंब. बस. शेक गार होता, कारण डब्यात त्याच्या बाजूला ओला टॉवेल आणि कॉफीच्या बाजूला कोरडा, असं वेगळं केलंय.

रिंगेखाली पिवळा थर निघाला, वाफताई. सोड्यात दोन रात्री ठेवली. आज सकाळी थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी घालून आईसमोर धरलं. तिनं नाक जवळ नेलं, बराच वेळ ठेवलं आणि वहीत लिहिलं, "थोडासा".

नवी रिंग मागवलीय. तोपर्यंत कपच.